गोठ्याच्या भिंतीवरचा मुलूख

पुष्पांजली शाळेत गेली होती एका मार्कासाठी, आणि घरी आली तीन दाखले घेऊन. मोताळ्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत आठ-दहा गावांत तिची ओळख अजूनही अशीच करून देतात. "थे नाई का, पंजाबरावची सून. मार्कवाली."

झालं असं की पोळा आठ दिवसांवर आला होता आणि शिवमचा, म्हणजे तिच्या मधल्या पोराचा, चाचणीचा पेपर घरी आला होता. 'तुमच्या भागातले मुख्य पीक कोणते?' या प्रश्नाला पोरानं कपाशी आणि सोयाबीन लिहिलं होतं. मॅडमनी त्यावर लाल फुली मारून बाजूला लिहिलं होतं, 'राइस'. गाइडात तसंच होतं. गाइड छापणारा जिथं राहतो तिथं भात पिकत असेल, त्याचं अभिनंदन. पण मोताळा तालुक्यात मुख्य पीक भात आहे म्हटल्यावर गोठ्यातले बैल कान टवकारतील.

पुष्पांजलीनं मॅडमपुढे पेपर ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही शाळेत येता कशानं?"

"गाडीनं."

"मंग खिडकीतून दोन्ही बाजूले काय दिसते तुमाले?"

मॅडम म्हणाल्या, "खिडकीतून काय दिसतं त्याला मार्क नसतात."

एवढंच बोलल्या बिचाऱ्या. पण पुष्पांजलीचं डोकं सटकायला एवढंही लागत नाही. ती तशीच हेडमॅडमच्या केबिनमध्ये शिरली. दाखला मागण्याची धमकी आईबाप वर्षातून एकदा देतातच. शाळा समजूत काढते, चहा मागवते, सगळे आपापल्या घरी जातात. त्या दिवशी मात्र चहाचा टाइम निघून गेला होता आणि दोन्हीकडचं पाणी उकळत होतं. "द्या दाखले," ही म्हणाली. "घ्या दाखले," त्या म्हणाल्या. अर्ध्या तासात आठवीतली पूनम, चौथीतला शिवम आणि पहिलीतला राम, तिघांचे सहीशिक्क्याचे कागद हिच्या पर्समध्ये.

राग उतरला तो एसटीत, तिसऱ्या फाट्यावर. आता पोरांचं करायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. मागं फिरावं तर त्याच केबिनमध्ये, त्याच खुर्चीपुढे उभं राहून म्हणावं लागणार होतं, "मॅडम, चुकलं." पुष्पांजली मागं फिरत नाही असं नाही. पण फिरते ती ट्रॅक्टरसारखी, तोंड पुढंच ठेवून रिव्हर्समध्ये. एसटी गावात पोचेपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं की पोरं आता घरीच शिकणार आणि शिकवणार ती.

दारात सासू उभी. "व माय, आलीस? भेटला का मार्क?"

वच्छलाबाईंना तीन दाखल्यांचा अर्थ समजावायला दहा मिनिटं लागली. सासऱ्याला एक मिनिट पुरलं. पंजाबराव गावच्या सोसायटीचे बरीच वर्षं चेअरमन होते. चेअरमनकी गेली, पण ठराव मांडायची सवय गेली नाही. कडुनिंबाखालच्या खाटेवर बसून त्यांनी ठराव मांडला.

"पाह्य, पूनमची माय. दिवाळीपावतर मुदत. भाऊबीज झाली का बुलढाण्याहून रमाकांत येईन. तो पोराइची परीक्षा घेईन. इतिहास अन् भूगोल. पास झाले त शिकव तुयाच्यानं शिकवनं होते तवर. नापास झाले त दुसऱ्या दिवशी शाळेची पिवळी गाडी दारात. अन् दाखले वापस द्यायले तूच जाशीन, म्या नाई जानार."

"इतिहास-भूगोलच काऊन, मामाजी? गणित घ्या नं."

"रमाकांत इतिहास-भूगोलाचा मास्तर होता म्हनून. गणितात त्याले बी काई येत नाई."

ज्ञानेश्वर, म्हणजे पुष्पांजलीचा नवरा, बाजूला फवारणीचा पंप धूत होता. हा माणूस दिवसाला मोजून वीस शब्द बोलतो. त्यातले तीन त्यानं तिथं खर्च केले. "गणित मी पाहतो." बाकी भांडण दोघांचं दोघांनी निस्तरावं, असा त्याचा चेहरा होता.

तर असं ते गणित सुटलं. भाषा हातचीच होती. विज्ञान वावरात पडलेलं. राहिला इतिहास-भूगोल, आणि दिवाळीला दोन महिने.

आता कुणाला वाटेल, बाई इतिहासात बी.ए. आहे, तिला काय अवघड? मुक्त विद्यापीठातून, एका मांडीवर पूनम आणि दुसरीवर पुस्तक घेऊन ती बी.ए. झालेली. नांदुऱ्याच्या माहेरी तिचा निकाल अजून फ्रेममध्ये आहे. पण स्वतः शिकणं आणि तेरा, दहा आणि सहा वर्षांच्या तिघांना एकाच ओसरीवर एकाच वेळी शिकवणं यात फरक आहे. हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं.

आधी तिनं सरकारी पुस्तकं आणली, तिघांची तीन इयत्तांची. सकाळी दहाला पूनमला इंग्रजांचं राज्य समजावायला घ्यावं, तर शिवम महाराजांचे किल्ले मोजत "आई, पुढे?" म्हणून पदर ओढी, आणि राम 'आपला शेजार' शिकायला थेट शेजारी निघून जाई. तिकडून चांगुणाबाईंची हाक, "पुष्पे, तुहा पोरगा आमच्या भाकरी मोजू राह्यला!" आठव्या दिवशी जेवताना रामनं आजीला इतिहास सांगितला. किल्ल्यावर एक मोठा हौद होता, त्यात इंग्रज आंघोळ करत होते, मग शेजाऱ्यांनी त्यांना हाकलून दिलं.

"बरं केलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "अन् भाजी घे."

पुष्पांजलीनं पुस्तकं फडताळात टाकली. टाकली म्हणजे फेकलीच.

मग तिला मोबाइलवर घरशाळावाल्या आयांचा एक ग्रुप सापडला. पुण्याच्या, नाशकाच्या, दोघी बंगळुरूच्या. चांगल्या बायका, यात शंका नाही. सकाळी सहाला उठून पोरांच्या मातीकामाचे फोटो टाकणाऱ्या. हिनं विचारलं, वेगवेगळ्या वयाच्या तिघांना इतिहास-भूगोल कोणता घ्यावा? तासाभरात सत्तेचाळीस उत्तरं आली. एकीनं लिहिलं, आधी अख्खं प्राचीन जग करा, चार वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. दुसरी म्हणाली, काहीच घेऊ नका, मुलं आपोआप शिकतात. हिनं रामकडे पाहिलं. तो आपोआप कोंबडीच्या मागं धावत होता. तिसरीनं सांगितलं, एक खोका येतो, सगळ्या वयांना एकच, घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचायचा.

खोका मागवला. सुरेख होता हो! गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. भूगोलाचा पहिला धडा 'समुद्राकाठी एक दिवस'. दुसरा बर्फाचा. तिसऱ्यात 'आपल्या जवळच्या मेट्रो स्टेशनचा नकाशा काढा'. शिवमनं इमानदारीत विचारलं, "आई, आपल्या जवळचं मेट्रो स्टेशन कोणतं?"

"मलकापूर," ज्ञानेश्वर म्हणाला. तो त्या दिवशीचा एकविसावा शब्द होता.

खोका रिकामा करून वच्छलाबाईंनी त्यात कुरडया भरल्या. कुरडयांना तो फार मानवला. आतली पुस्तकं फडताळात गेली, सरकारी पुस्तकांच्या डोक्यावर.

फडताळ बंद केल्यावर पुष्पांजली कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं स्वतःशीच घोषणा केली, जी खरं तर अख्ख्या ओसरीला ऐकू गेली. "कोनाचंच पुस्तक नको. जे खिडकीतून दिसते त्याले मार्क नसतात नं? त्याचाच अभ्यास करू. तिघाइचा एकच धडा. ज्याच्या डोक्यात जेवढं मावन तेवढं त्यानं घ्यावं."

आणि सांगायला हरकत नाही, बाईचं डोकं तापलं की चालतंही बरं.

पहिला धडा रोहिणखेडची जुनी मशीद. ज्ञानेश्वरनं चौघांना जीपमध्ये बसवून दिलं. रामनं पायऱ्या मोजल्या. शिवमनं दोरी धरून भिंत मापली. पूनम फारसी अक्षरं कोरलेल्या दगडापुढे इतका वेळ उभी राहिली, की तिथल्या एका म्हाताऱ्या चाचांनी तिला बसायला सतरंजी दिली आणि बऱ्हाणपूरकडून दख्खनेत उतरणाऱ्या फौजा या वाटेनं कशा जात, ते स्वतः पाहिल्यासारखं सांगितलं. घरी आल्यावर प्रश्न पडला, हे सगळं किती जुनं? साडेचारशे वर्षांच्या आसपास, पूनम म्हणाली. रामसाठी साडेचारशे म्हणजे परवा.

मग पुष्पांजलीनं खतांच्या पोत्यांची सुतळी उकलली. एक वर्ष म्हणजे एक वीत. कडुनिंबापासून दोरी सुरू. सहाव्या वितीवर रामची गाठ, तेराव्यावर पूनमची, त्याच्या पुढे विहीर, बहात्तरचा दुष्काळ, आबांचा, म्हणजे पंजाबरावांचा, जन्म. इथवर अंगणातच होतं. पण इतिहास अंगणात मावत नाही. दोरी कुंपण ओलांडून चांगुणाबाईंच्या दारातून गेली, तिथून पुढच्या दोन घरांच्या भिंतींवरून वळत मशिदीपर्यंत, म्हणजे पिठाच्या गिरणीच्या खांबापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर चांगुणाबाईंनी दोरीवर लुगडी वाळत घातलेली.

"काकी, काढा हो ते!" शिवम कळवळून ओरडला. "पेशवाई आहे तिथं!"

"आसू दे बापा. ऊन बरं लागते पेशवाईले."

भूगोलासाठी तिनं गोठ्याची भिंत धरली. चुन्याचा हात मारून वर गेरूनं मुलूख काढायचा. नळगंगा आणि नाले निळीनं, रस्ते कोळशानं. आधी जमिनीवर काडीनं रेघोट्या, मग पक्कं भिंतीवर. आणि इथं पंजाबरावांचा तोल गेला. ते विरोधी पक्षात होते, मुदत त्यांनीच दिलेली. चार दिवस खाटेवरून नुसतं पाहिलं. पाचव्या दिवशी शिवमनं राजूर घाटाचं वळण चुकीचं काढलं आणि त्यांना राहवेना.

"अबे, तसा नाई थो. सरक, काडी दे इकडे."

त्या दिवसापासून रोज दुपारी आबा खाटेवरून खाली उतरून मातीत बसत. तोंड अर्थातच घाटाकडे. या भागातला शेतकरी बसला की घाटाकडेच तोंड करून बसतो. ढग तिकडून येतात, पाणी तिकडून येतं, थंडीही तिकडूनच उतरते. त्यांचा बाप असाच बसे. तर बसल्या जागेवरून समोर घाट, घाटापलीकडे बुलढाणा, त्याहून पलीकडे धाड. पाठीशी मलकापूर आणि आगगाडी. डाव्या हाताला खामगाव, उजवीकडे वर रोहिणखेड. आबा सांगत गेले, पोरं मातीत काढत गेली, मातीतलं भिंतीवर चढत गेलं. कोणत्या नाल्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी, काळी जमीन कुठं संपते, मुरमाड कुठं लागते, सगळं. दिवाळी जवळ येईपर्यंत गोठ्याची भिंत अशी सजली की दूध न्यायला येणारी माणसं घागर खाली ठेवून आपापलं वावर शोधत.

पुष्पांजली आतून फुगली होती. ग्रुपवर फोटो टाकायचा मोह तिनं फक्त एवढ्यासाठी आवरला, की आधी परीक्षा होऊन जाऊ द्यावी. भाऊबीजेला माहेरीही गेली नाही. भावाला म्हणाली, "यंदा तूच ये, माह्यी परीक्षा आहे."

रमाकांत सर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आले, घाट उतरून, स्कूटरवर, अंगात स्वेटर. बुलढाण्याचा माणूस खाली उतरला की आधी स्वेटर काढतो, घाम पुसतो आणि मग खालच्या लोकांची कीव करतो. सरांनी तिन्ही गोष्टी क्रमानं केल्या. चिवडा-लाडू झाला. पंजाबराव आणि ते मोताळ्याला सातवीपर्यंत एका बाकावर. पुढं हे वावरात गेले, ते मास्तर झाले, हेडमास्तर झाले, अर्ध्या जिल्ह्याच्या हातावर छड्या मारून निवृत्त झाले.

"चला," सर म्हणाले, "कुठं आहेत तुमचे शास्त्री-पंडित?"

इतिहास झकास झाला. सर दोरीबरोबर चालत गिरणीपर्यंत जाऊन आले. रामनं गाठी सांगितल्या, शिवमनं मशिदीचं माप सांगितलं. पूनमला त्यांनी विचारलं, फौजा याच वाटेनं का उतरायच्या? ती म्हणाली, "सर, घाट कुठूनही चढता येत नाही. तोफा आणि बैल घेऊन तर नाहीच." सर 'हं' म्हणाले. मास्तर लोकांत 'हं' म्हणजे मोठी गोष्ट. येताना पेशवाईतल्या ओल्या लुगड्याचं टोक त्यांच्या चष्म्याला लागलं, तेही त्यांनी पोटात घातलं.

मग सगळे गोठ्याकडे वळले.

सर भिंतीपुढे उभे राहिले. चष्मा पुसला, पुन्हा लावला. मान एकीकडे केली, मग दुसरीकडे. आणि एकदम असे हसायला लागले की दावणीची म्हैस उठून उभी राहिली.

"अरे पंजाब! तुझ्या सुनेनं मुलूख उलटा टांगलाय की रे! बुलढाणा वर, मलकापूर खाली! खामगाव पश्चिमेला नेऊन ठेवलं! नकाशात उत्तर वर असते हो बाई, हे तर पहिलीच्या पोरालाही सांगतात."

पुष्पांजलीनं भिंतीकडे पाहिलं. दोन महिने रोज पाहत होती, पण तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तीसुद्धा घाटाखालचीच. नांदुऱ्यालाही सगळे घाटाकडे तोंड करूनच बोट दाखवतात. तिला काही खटकलंच नव्हतं. आणि फडताळात, कुरडयांच्या खोक्यातून काढलेल्या त्या चकचकीत पुस्तकांखाली, तीन सरकारी पुस्तकं पडली होती, प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात तो इवलासा बाण घेऊन. एकदा उघडलं असतं तरी दिसला असता. डोळ्यांपुढे पिवळी गाडी आली, ती केबिन आली, ती खुर्ची आली.

सरांचं हसू अजून संपलं नव्हतं. "आणि गंमत सांगू का? हा नकाशा मी आधी पाहिलाय! पंजाब, सातवीच्या वार्षिक परीक्षेत तूही अगदी असाच काढला होतास! घाट वर, रेल्वे खाली. मास्तरांनी वर्गात सगळ्यांना दाखवून भोपळा दिला होता. आठवतं?"

वच्छलाबाईंच्या हातातलं पाण्याचं तांब्या-फुलपात्र तसंच राहिलं. घरात सगळ्यांना आजवर ठाऊक होतं की आबांनी सातवीनंतर शाळा सोडली ती वावरात माणूस कमी पडला म्हणून. स्वतः त्यांनीच तसं सांगितलेलं.

"आठवते," पंजाबराव म्हणाले. "तवा बी घाट समोरच होता. मास्तर म्हने, तुले काय दिसते ते कोनं इचारलं?"

पुष्पांजलीनं सासऱ्याकडे पाहिलं. दोन महिने जो माणूस दारात पिवळी गाडी उभी करायची धमकी देत होता, त्याचा तोच जुना पेपर, तीच लाल फुली. तिच्या तोंडाशी भांडण आलं, पण कुणाशी करावं ते कळेना.

"हा नकाशा म्या सांगतला, रमाकांत," पंजाबराव म्हणाले. "सुनेनं नाई. पोराइले नापास करू नको, मले कर. मले सवय आहे."

"असं नाही चालत. परीक्षा त्यांची आहे."

तेवढ्यात पूनम पुढं झाली. लेक आईवरच गेलेली, पण हिचं डोकं तापलं की ती बोलत नाही, काम करते. गेरूच्या डब्यात बोट बुडवून तिनं भिंतीच्या कोपऱ्यात एक लांब बाण काढला. टोक खाली, मलकापूरकडे. टोकाशी लिहिलं, 'उत्तर'.

"सर, नकाशा बरोबर आहे," ती म्हणाली. "बाण राह्यला होता. आता विचारा."

सर तिच्याकडे बघत राहिले. हसू ओठांवरच होतं, पण डोळ्यांत आता मास्तर आला होता. स्टूल ओढून बसले आणि अर्धा तास त्यांनी तिघांना सोडलं नाही. मोताळ्याहून धाडला जायचं, दिशा कोणती? दक्षिण, आणि जरा पश्चिम. रोहिणखेडहून उगवता सूर्य पाहायचा तर तोंड कुठं? रामनं भिंतीवर बोट डावीकडे नेलं, खामगावावर ठेवलं, वर स्वतः वळून खरी पूर्वही दाखवली. शेवटी सरांनी शिवमला विचारलं, "नळगंगा कुणीकडे वाहते?"

"घाटातून खाली, उत्तरेला. पूर्णेला मिळते."

"उत्तरेला कशी? उत्तर तर पुस्तकात वर असते. पाणी वर चढतं का?"

"पुस्तकात चढत असेल," शिवम म्हणाला. "इथं उतरते."

रमाकांत सर स्टुलावरून उठले. "पस्तीस वर्षं," ते म्हणाले, "पस्तीस वर्षं पोरं मला सांगत आली की नळगंगा दक्षिणेला वाहते. का, तर नकाशात खाली दक्षिण असते आणि पाणी खाली जातं. छड्या मारल्या मी त्याबद्दल. नकाशा एकदाही उलटा करून पाहिला नाही." मग एकदम आवाज चढवून, "पोरं पास! पण बाई, तुम्ही नापास."

"मी?"

"तुम्ही. फडताळात काय आहे ते वच्छलावहिनींनी सांगितलंय मला, लाडू खाताना. सरकारी पुस्तकं उद्या बाहेर काढायची. छापील नकाशा या भिंतीशेजारी टांगायचा. तो बाण आज पोरीला सुचला. नसता सुचला तर? पूनमला पुढं बोर्डाचा पेपर द्यायचा आहे, तो तपासणारा तुमच्या गोठ्यात येणार नाही. पुस्तकाशी भांडा, खुशाल भांडा. पण ते घरात उघडं ठेवून भांडा."

पुष्पांजली म्हणाली, "बरं, सर."

ज्ञानेश्वरनं चमकून वर पाहिलं. पंधरा वर्षांच्या संसारात बायकोचं 'पण' नसलेलं 'बरं' त्यानं ऐकलं नव्हतं. तो वाट पाहत थांबला. वाट पाहावी लागली नाही.

"पन आमचा घाट वरच राहीन, सर. छापील नकाशा बाजूले लावीन. पोरं दोन्ही पाहतीन."

"राहू द्या."

"अन् भात हे आमचं मुख्य पीक कुठं लिहिलेलं दिसलं, तर पुस्तकात खोडीन."

"पेन्सिलीनं खोडा," सर म्हणाले. हेडमास्तर शेवटी हेडमास्तरच.

पंजाबरावांनी खिशातून मोबाइल काढून नातीकडे दिला. "पूनम, त्या गाडीवाल्याले लाव. म्हन, उद्या येऊ नको. परवा बी नको." जणू काही गाडी नको म्हणणारा हाच माणूस पहिल्यापासून होता आणि हवी म्हणणारा कुणी दुसराच.

चार वाजता सरांनी स्वेटर चढवला, स्कूटरला किक मारली. पंजाबरावांनी हँडल धरून ठेवलं.

"रमाकांत, एक सांग. सातवीच्या नकाशाले मार्क किती होते?"

"पाच."

"तवा जर म्या बाण काढला असता, त किती देल्ले असते तू?"

"मी कशाला? मी तर तुझ्या बाकावर होतो."

"आता मास्तर आहेस नं. आता दे."

सरांनी विचार केला. "चार."

"काऊन चार?"

"तुझं अक्षर घाण होतं रे."

"अक्षराचा काय संबंध बे? नकाशा बरोबर का चूक?"

"बरोबर."

"मंग पाच दे!"

"साडेचार. याच्या वर नाही."

"अर्ध्या मार्कासाठी काऊन अडतू, बेइमाना?"

"अडतोयस तू!"

स्कूटर हळूहळू पुढे आणि पंजाबराव हँडल धरून बाजूनं चालत, असे दोघे भांडत चांगुणाबाईंच्या दारावरून, लुगड्यांखालून, गिरणीच्या खांबापर्यंत गेले आणि तिथून फाट्याकडे वळले. दोघांचीही तोंडं घाटाकडे होती.

वच्छलाबाई ओसरीवर टेकल्या. "व माय," त्या सुनेला म्हणाल्या, "मले वाटे हे खूळ तू नांदुऱ्याहून आनलंस. हे त या घरातलंच निंगालं."

पुष्पांजली फडताळ उघडत होती. वरची चकचकीत पुस्तकं बाजूला सारून तिनं खालून चौथीचं पुस्तक ओढून काढलं, पदरानं पुसलं आणि पेन्सिल शोधायला लागली.